मार्तोगुरूंची शेवटची मूठ

सोलो शहराच्या बाजारात जुन्या क्रिस-कट्यारींना मूठ, कडं, म्यान जुळवून देणारी सहा-सात दुकानं होती. पण वार्सिदीला दिसायचं ते एकच, समोरचं, तुगिरानचं! तिथे काचेच्या पेटीत मार्तोगुरूंनी कोरलेली शेवटची मूठ मिरवत बसलेली. दोघंही त्यांचेच चेले, पण जाताना म्हाताऱ्याने मूठ दिली तुगिरानला. आणि वार्सिदीच्या हातावर काय ठेवलं? एक झिजकी कोरणी. बावीस वर्षं झाली, तरी सकाळी दुकान उघडलं की ती पेटी डोळ्यांत खुपायचीच.

"विकून का टाकत नाही मेला एकदाची?" तो घरी धुसफुसायचा.

"तुमच्या पोटात दुखावं म्हणून ठेवली असेल," बायको म्हणायची आणि त्याच्या पुढ्यात भात वाढायची.

एका शुक्रवारी रुमिनीबाई गेलेल्या नवऱ्याचा क्रिस घेऊन आल्या. मूठ वाळवीने पोखरली होती. रविवारी मुलाचं लग्न, आणि बापाचा क्रिस पाठीशी खोचूनच नवरदेव उभा राहणार.

"ह्यांचा तुमच्यावर विश्वास होता हो. तुम्हीच बघा," बाई म्हणाल्या.

वार्सिदी फुलला. मग सगळे खण उपसले, तर एक मूठ ठेंगणी, एक चिरलेली, एक नुसतीच जाडजूड. शोभेल अशी सोलोच्या घडणीची मूठ समोरच्या पेटीत होती. पण तिच्यासाठी तुगिरानपुढे तोंड वेंगाडायचं? जीव गेला तरी नाही! शेवटी त्याने करू नये ते केलं. सोलोच्या क्रिसला जोग्या शहराच्या घडणीची, त्याला न शोभणारी बारकी मूठ बसवली. बाईमाणसाला काय कळतंय, असं मनाशी म्हणाला.

शनिवारी तुगिरान काडेपेटी मागायला आला आणि थबकला.

"हे काय रे? जोग्याची मूठ? मुलीकडचे म्हातारे राजवाड्यात चाकरीला होते. भर मांडवात पोराची शोभा करतील!"

"तुला कुणी विचारलं?"

तुगिरान तडक आपल्या दुकानात गेला आणि काचेच्या पेटीतली मूठच घेऊन आला.

"घे. आतलं भोक तिरपं आहे. शेवटी शेवटी गुरूंचा हात कापायचा. मी किती खटपट केली, पण एकाही पात्यावर सरळ बसली नाही. तुला जमतंय का बघ."

हात्तिच्या! बावीस वर्षं आपण जळलो ते या फसलेल्या मुठीवर? वार्सिदीला आतून गुदगुल्या झाल्या. त्याने गुरूंची ती झिजकी कोरणी घेतली, दम धरून भोक सरळ केलं, पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटाला दोरा गुंडाळला आणि मूठ दाबली. बसली, अगदी सरळ.

संध्याकाळी रुमिनीबाई क्रिस न्यायला आल्या तेव्हा तुगिरानही तिथेच होता. पेटीतली मूठ ओळखून बाईंचे डोळेच भरून आले. "तुगिरान, एवढी जपलेली मूठ दिलीत! तुमचे उपकार कसे फेडू?"

झालं! राबलो मी, आणि नाव याचं! वार्सिदीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने रागाने तुगिरानकडे पाहिलं.

तुगिरानचं बाईंकडे लक्षच नव्हतं. तो वार्सिदीच्या हातातल्या कोरणीकडे बघत होता.

"मी गुरूंकडे हीच मागितली होती," तो हळूच म्हणाला. "म्हणाले, ती वार्सिदीची. तू मूठ घे, पेटीत ठेवायला बरी आहे."

त्याची ती नजर वार्सिदीच्या चांगल्याच ओळखीची होती. त्याने कोरणी फडक्यात गुंडाळली आणि घाईघाईने खणात टाकली.