दोघांचा तंबू

चेनला लावायच्या ऑइलचा वास आला की देवबागच्या आमच्या पडवीतली ती सकाळ आठवते. जहाजावर काम करणारा माझा मित्र सुट्टीवर आला होता. आंबोलीकडच्या जंगलवाटांनी चार दिवस मोटरसायकलवर भटकायचं आम्ही रोज नकाशा पसरून ठरवत होतो. निघायच्या दिवशी मी गाडीच्या चेनला ऑइल लावत होतो, तेव्हा तो चालतच आला. "माका जहाजार बोलवल्यांनी रे. तू जा," म्हणाला आणि त्याने आपला तंबू माझ्या गाडीला बांधून दिला. संध्याकाळी सड्याच्या उघड्या पठारावर तो उभारला, तेव्हा कळलं की तंबू दोघांचा होता. घरी ऐकू येणारा समुद्राचा आवाज तिथवर पोचत नव्हता. अर्धी जागा मोकळी ठेवून मी एका कडेला झोपलो. मित्र आता परदेशातच असतो. अजूनही फोनवर आम्ही नव्या वाटा ठरवतो, आणि तू येणार का, हे मी विचारत नाही.