तुरीच्या वावरातला फोटो

भावाने नवशिक्यांचा साधा कॅमेरा घेतला, तेव्हा धाकट्या बहिणीसाठी स्थळं पाहणं चालू होतं. मी थोरली, नवऱ्याने टाकलेली, देऊळघाटला माहेरी राहत होते. बहिणीचा फोटो काढायला आम्ही वावरात गेलो. दोघींचा एकत्रही एखादा निघेल म्हणून मीसुद्धा इस्त्रीची साडी नेसले होते.

"ताई, तू मांगं जाय," भाऊ म्हणाला. "झूम पुरा ओढला, हिच्या जवळ गेलो आन् मांगचं दूर असलं, की ते ब्लर होते. पाहू दे."

मी तुरीपर्यंत मागे सरकले. त्याने स्क्रीन पाहिली.

"अजून जाय. तोंड ओयखू येऊन राह्यलं."

मी पार वावराच्या कडेला, धुऱ्यापर्यंत गेले. त्याच्या खांद्यावरून पाहणारी आई म्हणाली, "हां, आता बेस आला."

तोच फोटो स्थळाकडे गेला. पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, "मागे कोण उभी आहे?"

"वावरात कामाले येते ते बाई," आई म्हणाली.

चहाचा ट्रे माझ्याच हातात होता.

लग्न ठरलं. भावाने तो फोटो मोठा करून बैठकीत लावला. मागचं किती छान ब्लर आलंय, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ठेवून दाखवतो.