सूनबाई दार उघडत नाही

आमच्या सूनबाईचा आवाज कधी चढत नाही. त्यामुळे तिच्याशी भांडायला मजाच येत नाही. पण तिचं 'नाही' म्हणजे दगडावरची रेघ.

ती इस्पितळाचा सर्व्हर सांभाळते. मोबाइलवरून आपण इस्पितळाच्या वेबसाइटकडे काहीही मागितलं, की ती मागणी आधी त्या यंत्रापाशी जाते. कुणाला आत घ्यायचं, कुणाला थांबवायचं, हे ते ठरवतं, नियम सूनबाईचे. डायलिसिसच्या पुढच्या आठवड्याच्या वेळा शनिवारी सकाळी खुल्या व्हायच्या. सगळे एकदम तुटून पडायचे, यंत्र मान टाकायचं आणि कुणाच्याच हाती काही लागायचं नाही. माझ्या धाकट्या भावाची एक खेप अशीच हुकली. पाय सुजले, रात्रभर धाप. पुन्हा हुकली तर काय, हा विचारसुद्धा मला सोसत नव्हता.

"हे मी थांबवते," सूनबाई म्हणाली. तिनं नियम घातला: यंत्राला झेपतील तेवढेच आत, बाकीचे रांगेत. आणि एकाच ठिकाणाहून कुणी सारखं दार ठोठावलं, तर त्याला काही वेळ बाहेरच ठेवायचं.

त्या शनिवारी भावाचं डायलिसिस चालू असताना मी वॉर्डात त्याच्या उशाशी बसून त्याचा मोबाइल उघडला. 'फार मागण्या आल्या आहेत. थोड्या वेळाने प्रयत्न करा.' पुन्हा दाबलं. तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या फोनवरून लावला सूनबाईला फोन.

"अगं, मामांना तरी आत घे!"

"आई, आज मामांना घेतलं तर उद्या साहेबांच्या मेव्हण्याला घ्यावं लागेल. सारखं दाबू नका, थांबा."

"थांबू? माझा भाऊ मरेल तोवर?"

"ताई, ओरडू नकोस," भाऊ म्हणाला. "सगळ्यांचं तेच चाललंय."

मी मान वळवली. खाटेखाटेवर मोबाइल, आणि प्रत्येकावर तेच वाक्य. "अगं, तुझं यंत्र या वॉर्डातल्या कुणालाच घेत नाहीये!"

पलीकडून तिनं विचारलं, "सगळे वॉर्डच्या वायफायवर आहात?"

"मग? फुकट आहे ना."

"चुकलं माझं," ती सरळ म्हणाली. "एकाच वायफायवरून आल्यामुळे यंत्राला तुम्ही सगळे मिळून एकच माणूस वाटताय. एकच हावरट माणूस."

मागून तिचे साहेब ओरडताना ऐकू आले, "नियमच काढा! सोडा सगळ्यांना आत!"

"नाही, साहेब. मग सगळंच कोसळेल. रांग राहणार. आता वायफाय नाही, रुग्ण क्रमांक बघून माणूस ओळखायचा." मग मला म्हणाली, "आई, वॉर्डात सांगा. मी म्हणेपर्यंत कुणी काही दाबायचं नाही."

आयुष्यात मी कुणाचं ऐकलं नाही, सुनेचं तर नाहीच. पण उठले आणि खाटेखाटेपाशी जाऊन दरडावलं. एका आजोबांच्या हातातून मोबाइल काढून उशीखाली ठेवला. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांचा प्राणच काढून घेतला.

तिचा फोन आला, "आता एकदाच दाबा." एकेका मोबाइलवर वेबसाइट उघडू लागली. आजोबांना वेळ मिळाली, कोपऱ्यातल्या मुलीला मिळाली. भावाचा मोबाइल अजून रांगेतच. माझी बोटं शिवशिवत होती. मी हात पदरात घट्ट गुंडाळून बसले. शेवटी त्यालाही मिळाली. त्यानं माझा हात धरला.

"फोनवरची ती तुमची मुलगी का हो?" शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं.

"सून," मी डोळे पुसत म्हटलं. "माझ्यासाठीसुद्धा रांग मोडत नाही."