थोरलीची नवी झडप

लाँड्री तळाला, बिऱ्हाड तिच्यावर आणि चादरी वाळत घालायची गच्ची पार वर. दोघा भावांच्या दोघी बायका, थोरली आणि धाकटी, ओल्या चादरींच्या बादल्या घेऊन तो जिना चढायच्या. गच्चीवरचा वारा म्हणजे थोरलीचा जीव की प्राण. पण हळूहळू तिला प्रत्येक वळणावर टेकावं लागायला लागलं. छातीचा नुसता भाता.

"बादली आली की आला हिला दम," धाकटी गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. "खुर्चीत बसल्यावर बरा येत नाही! नाटकं मेली."

दुखण्यापेक्षा ते 'नाटकं' थोरलीला जास्त झोंबलं. तिने ते गिळलं, पण पचवलं नाही.

एक दिवस ती जिन्यातच कोसळली, तेव्हा कळलं, हृदयाची झडप दगडासारखी झालीय. डॉक्टरांनी छाती फाडली नाही. मांडीतून नळी घालून नवी झडप आत बसवली. थोड्या दिवसांत बाई घरी.

"टाका कुठाय?" धाकटीने विचारलं.

"मांडीत. बटणाएवढा."

"एवढंच? आणि केवढा तो गाजावाजा!"

झालं! थोरलीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणाले होते, चाला, जिने चढा, भ्यायचं कारण नाही. नवरा ते सांगायला तोंड उघडणार, तोच तिने त्याला डोळ्यांनी दटावलं. आणि अशा धापा टाकल्या, अशा धापा टाकल्या, की खऱ्या दुखण्यातही कधी टाकल्या नव्हत्या.

बादल्या धाकटीच्या गळ्यात पडल्या. थोरली गल्ल्यावर.

"अगं, निळी चादर राहिली वाटतं खाली. जा ना परत. मी गेले असते, पण..." की छातीवर हात.

खरं तर पूर्वी दम लागून तीन-तीन उशा लागायच्या, आता तिला एका उशीवर गाढ झोप लागायची. पावलांची सूज उतरून जुन्या चपला पायात जायच्या. असा नवाकोरा जीव, आणि बसून राहायचं! वर चादरी फडफडल्या की पाय शिवशिवायचे. सूड गोड होता, पण त्याने तिलाच खुर्चीला बांधलं होतं.

एका दुपारी धाकटी कपडे पोचवायला गेली. थोरलीने बादली उचलली आणि कुठेही न टेकता थेट वर. गाणं म्हणत चादरी झटकत होती, तोच मागे धापा ऐकू आल्या. धाकटी, दाराला धरून उभी.

"ताई... तुम्ही... बऱ्या आहात?"

"केव्हाचीच."

"मग हे इतके दिवस..."

"हे नाटक. आधीचं नव्हतं."

धाकटीची मान खाली गेली. "चुकलं माझं."

"चुकलंच." थोरलीने दोरीला चिमटा लावला. "उद्यापासून बादली माझी. तू नुसतं मागून यायचंस, वरपर्यंत बोलत. मध्ये टेकलीस, तर मी खाली गिऱ्हाइकांना काय ओरडून सांगेन?"

"नाटकं," धाकटी पुटपुटली.

"मोठ्याने."