आवाजात भर नको

माझ्या घरी रेकॉर्डप्लेअर आणि ॲम्प्लिफायरच्या मधे पत्र्याचा एक डबा असायचा. चहाच्या पुडीचा, चौकोनी, वरचा रंग मी पॉलिश पेपरने घासून काढलेला. त्याला एकच बटण होतं. भिंतीतल्या प्लगपर्यंत जाणारी वायर नव्हती, दिवा नव्हता. घरी येणारा माणूस आधी स्पीकरकडे बघायचा, मग त्या डब्याकडे, आणि विचारायचा की याला वीज लागत नाही, मग हे करतं तरी काय? मी सांगायचे, काही करत नाही.

त्या डब्यापायी आमच्या घरात जे रामायण झालं, ते सांगते.

सत्तरच्या दशकात मी भोरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानावर हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर लोकांचं ओरडणं. पावसाळ्यात वेल्ह्याची लाइन लागली की आवाज कमी आणि खरखर जास्त. कुणाचं माणूस गेलंय की कुणाला मुलगा झालाय, हे त्या खरखरीतून वेचून काढावं लागे. संध्याकाळी घरी आल्यावरही ती कानात वाजत राहायची. मला घरी गाणं हवं होतं, आणि ते स्वच्छ हवं होतं. पगारातून मागे टाकत मी पुण्याहून स्टिरिओ आणला. रेकॉर्डप्लेअर, मेन ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर, आणि प्लेअर व मेन ॲम्प्लिफायर यांच्या मधे बसणारा प्रीॲम्प्लिफायर. हा प्रीॲम्प आवाज आधीच वाढवून पुढे धाडायचा. त्याला खर्जाचं बटण, टिपेचं बटण, लाल दिवा, सगळा थाट होता.

बसवून दिला तो दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कामथडीला त्यांची लाऊडस्पीकर भाड्याने द्यायची सर्व्हिस होती. लग्न, जत्रा, निवडणूक, त्या पट्ट्यात कुठेही कर्णा वाजला की तो दाजींचा. माणूस हौशी, हाताचा मोकळा, पण आवाज म्हणजे मोठाच असायला हवा, हा त्यांचा हट्ट. त्यांनी सगळी बटणं उजवीकडे फिरवून ठेवली आणि आईला म्हणाले, आता एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू जाईल.

ऐकू गेलंही असेल. मला मात्र गाण्याच्या मागे सतत घूं घूं ऐकू यायची. बोर्डवर बसून बसून माझा कान त्या एकाच गोष्टीत तयार झाला होता. पुढे काही महिन्यांनी प्रीॲम्प मुकाच झाला. दाजी म्हणाले, नेतो, दुरुस्त करून आणतो. नेला, तो लग्नसराईत अडकला. मी दोनदा विचारलं, दोनदा ते हसले.

सुट्टी काढून मी पुण्याला गेले, जिथून घेतलं त्या दुकानात. दुकानदार म्हणाले, तुमच्या प्लेअरची सुई क्रिस्टलची आहे, ती मुळातच आवाज जोरदार देते. मेन ॲम्प्लिफायरला तेवढं पुरतं. मधे नुसतं व्हॉल्यूमचं बटण घाला, दोन्ही बाजूंचं एकाच दांडीवरचं, आणि तारा आखूड ठेवा. आवाज फार मोठा होणार नाही, खर्जही थोडा जाईल, पण जे आहे त्यात कुणी आपलं काही घालणार नाही. हे शेवटचं ते सहज बोलून गेले. मला एस.टी.त बसल्यावर कात्रजच्या बोगद्यापासून नसरापूरच्या फाट्यापर्यंत तेच आठवत होतं.

तारा जोडायला कथलाचा डाग मारताना एक्स्चेंजचा मेकॅनिक मला रोज दिसायचा. घरी मी चुलीवर खिळा तापवून प्रयत्न केला, बोट भाजलं, मग त्याच्याकडून सोल्डरिंगचं हत्यार रविवारपुरतं मागून आणलं. डब्याला भोकं पाडली, बटण बसवलं, वरून जाळी असलेली आखूड तार जोडली. प्लेअर उचलून ॲम्प्लिफायरच्या शेजारी ठेवला आणि रेकॉर्ड लावली.

आवाज लहान झाला होता, ते खरंच. पण घूं घूं गेली होती. गाणाऱ्या बाई सूर लावायच्या आधी श्वास घेत होत्या, तो मला पहिल्यांदा ऐकू आला. त्या एवढा वेळ तिथेच होत्या, श्वास घेत होत्या, आणि आम्ही त्यावर आवाज चढवत बसलो होतो. मी जमिनीवर बसले आणि ती बाजू संपेपर्यंत उठले नाही. आई आतून म्हणाली, बिघडलंय का गं?

त्यानंतर वर्षभराने धाकट्या भावाचा साखरपुडा आमच्या घरी झाला. मुलीकडचे पाहुणे वरव्याचे. बुद्धवंदना झाली, पेढे वाटले, आणि दाजी पिशवीतून प्रीॲम्प काढून उभे राहिले. दुरुस्त झाला होता. त्याच्यावर कुठल्याशा लग्नातले हळदीचे डाग होते, एक बटण बदललेलं होतं. ते म्हणाले, पावन्यांना जरा ऐकवूया. आणि सगळ्यांसमोर खाली बसून माझ्या डब्याची तार उपटायला हात घातला.

मी पेढ्यांचं ताट खाली ठेवलं.

"दाजी, डब्याला हात लावू नका."

ते हसले. "अगं, ह्यात हाय काय? नुसता मोकळा डबा."

"मोकळाच पाहिजे मला. माझ्या घरातल्या आवाजात दुसऱ्या कुणी भर घातलेली मला चालत नाही."

"पावनं हसतील. एवढासा आवाज!"

"हसू द्या."

माझा आवाज चढला नव्हता, पण सगळे माझ्याकडे बघू लागले. जावयाला चारचौघांत असं कुणी बोलत नाही, आणि धाकट्या मेव्हणीने तर नाहीच नाही. दाजी उठले. जेवायला थांबले नाहीत. आक्काला टेम्पोत पुढे बसवून निघून गेले. जाताना आक्का माझ्याकडे बघत होती, रागाने की कशाने, ते मला तेव्हा कळलं नाही. प्रीॲम्प तिथेच जमिनीवर राहिला.

पाहुणे गेल्यावर आईने मला धारेवर धरलं. म्हणाली, तुझ्यापायी माझ्या लेकीचा संसार अवघड होईल, एका डब्यापायी. मी म्हटलं, चूक माझी नाही. मग ती बराच वेळ भांडी आपटत राहिली आणि शेवटी माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"तुझा बापबी असाच व्हता. गावानं सांगितलं म्हणून हलगी वाजवायची न्हाई म्हनला, आन् आमास्नी घेऊन हितं आला. लई हाल झालं माझं."

हे तिने मला दूषण म्हणून सांगितलं. मी ते दूषण म्हणून घेतलं नाही. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांनी गाव का सोडलं, हे घरात कुणी मला इतक्या सरळ शब्दांत कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी प्रीॲम्प फडक्यात बांधला आणि कामथडीच्या एस.टी.ने दाजींच्या घरी पाठवून दिला.

भावाच्या लग्नाला दाजी आले. मांडवात त्यांचेच कर्णे वाजले, त्याला माझी हरकत नव्हती. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो.

त्याच सराईत त्यांचा एक ॲम्प्लिफायर जळाला. मी ड्यूटीवर असताना ते टेम्पो घेऊन भोरला आले आणि आईला म्हणाले, मामी, हिचा मेन ॲम्प्लिफायर नेतो, हिर्डोशीचं लग्न हाय, परवा आणून देतो. आई घरी एकटी होती. पुढचं मला तिनेच सांगितलं, संध्याकाळी तांदूळ निवडताना, जणू दूधवाल्याबद्दल सांगावं तसं.

"म्या म्हनलं, तिला इचारल्याबिगर देणार न्हाई. तर जावई म्हनलं, मामी, तुमी असं म्हणताय? म्या म्हनलं, व्हय, मीच म्हणतीया. चा घेतला न् गेलं."

तिने सुपातला खडा काढून बाहेर टाकला आणि मला आत जाऊन चूल बघायला सांगितलं.

पावसाळा लागायच्या आधी दाजी आणि आक्का दोघं आले. येण्याचा निरोपसुद्धा नव्हता. आक्काने स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं की त्या दिवशी टेम्पोत तिला हसू येत होतं आणि ते दाबताना जीव मेटाकुटीला आला. जेवणं झाली. मी रेकॉर्ड लावली. दाजी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले. झोपले होते की ऐकत होते, मी विचारलं नाही. डब्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही माफी मागितली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. रेकॉर्ड संपल्यावर मी उठून तिची दुसरी बाजू लावली.