बाईंचं टोरांटो, व्हाया माले

रद्द झालेली तिकिटं एका क्लिकमध्ये नाहीशी होतात. किस्से होत नाहीत. ते माळ्यावरच्या बॅगांसारखे साठत जातात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आमच्या नारायण पेठेतल्या ट्रॅव्हल ऑफिसात कोविडच्या काळात धंदा असा झालाच नाही, पण किस्से इतके झाले की अजूनही कुणी चहाला बसलं की निघतातच. त्यातल्या बहुतेकांत गाढव मीच आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर नीलाताई सांगतात.

नीलाताई आमच्याकडे तिकिटांचं बघतात, माझ्या वडिलांच्या म्हणजे अण्णांच्या काळापासून. मी मंदार, अण्णांच्या पश्चात मालक. गेली कित्येक वर्षं मी जगभरची तिकिटं काढतोय आणि स्वतः दिल्लीच्या पुढे गेलेलो नाही. माझा पासपोर्ट आजवर एकदाच कामाला आला, गॅसचं कनेक्शन नावावर करताना. तरी लोकांना मी छातीठोकपणे सांगत असे, "दोह्याला उतरलात की डावीकडे वळा."

एकदा एक गृहस्थ परत आल्यावर मुद्दाम ऑफिसात येऊन म्हणाले, "डावीकडे लेडीज टॉयलेट होतं."

तेव्हापासून मी सगळ्यांना "सरळ जा" एवढंच सांगतो.

*

अण्णांनी घालून दिलेली एक शिस्त आहे. पोचल्याच्या दोन रिंगा. आमच्याकडून तिकीट काढलेल्या माणसाने मुक्कामी पोचलं की ऑफिसच्या लँडलाइनवर दोन रिंगा द्यायच्या आणि फोन ठेवायचा. दोन रिंगा म्हणजे सुखरूप. तिसरी वाजली तर काहीतरी अडचण आहे, उचला. आता लोक विमानाच्या खिडकीतून ढगांचे फोटो पाठवतात, पण आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना रिंगा दिल्याशिवाय पोचल्यासारखं वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये कोथरूडचे एक आजोबा मुलाकडे सिडनीत अडकले होते. महिन्यांमागून महिने गेले, शेवटी खास विमानाने परत आले. घरी पोचून त्यांनी फोन लावला. पहिली रिंग वाजली आणि मला काही राहवलंच नाही, मी उचलला.

"आजोबा, कसे आहात?"

"आत्तापर्यंत ठीक होतो," ते म्हणाले. "उचललात कशाला? पैसे लागले ना!"

फोन कोथरूडहून नारायण पेठेत होता, आणि तोही अनलिमिटेड प्लॅनवर.

*

मग दुसऱ्या वर्षी केतकर बाई आल्या. बाई आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मला त्यांनी पास केलं, ही त्यांच्या नोकरीतली एकमेव चूक असावी. दारातूनच त्या म्हणाल्या, "मंदार, मास्क नाकावर घे. तो हनुवटीचा आजार नाही."

मी घेतला. बाई बसल्या आणि त्यांनी काम सांगितलं. मुलगी मुग्धा टोरांटोला, दिवस भरत आलेले, पहिलटकरीण. जावई व्यापारी जहाजावर, आणि त्या दिवसांत कुठलंच बंदर खलाशांना उतरू देत नव्हतं. शेजारच्या एका बाईंखेरीज मुग्धाजवळ कुणीच नव्हतं. आमच्या गणिताच्या केतकर सरांना जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा इकडेही बाई एकट्याच.

"पहिलं बाळंतपण माहेरी होतं," बाई म्हणाल्या. "ती येऊ शकत नाही, तर माहेराने जायचं. मला तिकडे यायची परवानगी तिने काढली आहे. माझे लसीचे दोन्ही डोस झाले आहेत. फक्त मला वेळेत पोचव."

हे 'फक्त' फार अवघड होतं. कॅनडाने भारतातून थेट येणारी विमानं बंद केली होती. जायचं तर मधल्या कुठल्यातरी तिसऱ्या देशात थांबायचं, तिथे चाचणी करायची, निगेटिव्ह आली तर पुढे. आणि तिसरे देश रोज सकाळी उठून आपला विचार बदलत होते.

बाई निघताना दारात थांबल्या. आम्हाला शाळेत कधी न दिसलेला चेहरा होता. "तिने मला फोनवर विचारलं, आई तू असशील ना. मी हो म्हणून बसले आहे," त्या म्हणाल्या.

*

पहिलं तिकीट मी आखातातून काढलं. दोन दिवसांनी त्या देशाने भारतीयांना दार लावलं.

दुसऱ्या तिकिटाचा मात्र मला अभिमान होता. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन वेगवेगळी तिकिटं, एकमेकांना अशी जोडली होती की मध्ये आरामात जेवण व्हावं. बाईंना मी समजावून सांगितलं, "स्वारगेटला उतरून दुसरी एसटी पकडतो ना, अगदी तसं."

"माझी बॅग कोण पकडणार?" बाईंनी विचारलं.

"तिकिटं वेगळी आहेत, त्यामुळे बाहेर येऊन बॅग घ्यायची आणि पुन्हा चेक-इन करायचं."

"बाहेर म्हणजे त्या देशात?"

"हो."

"त्या देशात सध्या भारतीयांना प्रवेश आहे?"

मी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. नीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. प्रवेश नव्हता.

"म्हणजे मी आत आणि माझे डिंकाचे लाडू बाहेर," बाई म्हणाल्या. "तू नववीतही हेच करायचास. नदी छान काढायचास आणि समुद्र विसरायचास."

*

तिसऱ्या वेळी नीलाताईंची पाळी होती, हे सांगताना मला थोडा आनंद होतो. एक चांगलं कनेक्शन दिसलं, पण नीलाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून माउसवरचा हात काढून घेतला. "अमावास्येला बाळंतपणाला निघायचं? शोभतं का?" त्यांनी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.

संध्याकाळी बातमी आली, अमावास्येचं विमान रद्द. नीलाताई खुर्चीत सरसावून बसल्या. "बघा! मी काय म्हणत होते?"

थोड्या वेळाने दुसऱ्या दिवशीचंही रद्द झालं. मी नुसता स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"अमावास्या लागूनच होती ना," नीलाताई म्हणाल्या आणि डबा धुवायला उठून गेल्या.

ह्यात हसण्यासारखं आहे ते आत्ता. तेव्हा घरी गेलो की जेवण जात नव्हतं. बाई रोज सकाळी ऑफिसात यायच्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. शाळेत ओरडायच्या ते परवडलं असतं.

*

शेवटी मालदीवने दार उघडलं. माले, तिथे चाचणी, मग इस्तंबूल, मग टोरांटो, आणि सगळं एकाच तिकिटावर. बाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"टोरांटो उत्तरेला आहे. बरोबर?"

"हो, बाई."

"आणि तू मला आधी विषुववृत्ताकडे पाठवतो आहेस."

"बाई, सध्या उत्तरेला जायचा तोच रस्ता आहे."

"पृथ्वी गोल आहे हे तुझ्याइतकं मनावर घेतलेलं दुसरं कुणी मी पाहिलं नाही," बाई म्हणाल्या आणि पासपोर्ट पुढे केला.

*

आमच्या प्रवाशांना मुंबईच्या विमानतळावर सोडतात ते येरवड्याचे सलीमभाई. गाडी त्यांची स्वतःची, स्वभाव मुळात गप्प बसण्याचा नाही. बाईंना सोडून आले ते थेट ऑफिसात, हातात एक पिशवी.

"मंदारभाऊ, बाईंनी घाटात माझी तोंडी परीक्षा घेतली. सह्याद्री कसा झाला? मी म्हटलं, बाई, मी आलो तेव्हा झालेलाच होता."

"पिशवीत काय आहे?"

"विमानतळाच्या दाराबाहेरच्या काट्यावर बॅगेचं वजन जास्त भरलं. मी म्हटलं, लाडू काढू का? तर म्हणाल्या, लाडवांना हात लावायचा नाही." सलीमभाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "ह्यांचे स्वतःचे स्वेटर आहेत. सगळे काढून दिले. म्हणाल्या, थंडी पडेपर्यंत बघू."

नीलाताईंनी स्वेटर पुन्हा नीट घड्या घालून कपाटात ठेवले.

*

दुसऱ्या दिवशी लँडलाइन वाजली. दोन रिंगा झाल्या आणि तिसरी वाजली. मी झडप घालून उचलला.

"मंदार," बाईंचा आवाज शाळेतल्याइतका शांत होता, "माझ्या पलंगावर टॉवेलचे दोन हंस आहेत. एकमेकांना चोच लावून बसले आहेत. भोवती गुलाबाच्या पाकळ्या."

मालेजवळच्या बेटावरची सगळ्यात स्वस्त खोली मी घेतली होती. ती स्वस्त का आहे हे वाचायचं राहिलं होतं. हनिमून पॅकेज होतं.

"बाई, तिकडे तशी पद्धत असते..."

"इथला मुलगा विचारतो आहे, सर कधी येणार. मी सांगितलं, सरांनी तिकीट काढलं असतं तर मी इथे आलेच नसते."

"सॉरी, बाई. मी खोली बदलायला सांगू का?"

"नको. हंस चांगले केलेत. संध्याकाळी समुद्राकाठी दोघांचं जेवण आहे म्हणे, मेणबत्ती लावून. सरांना समुद्र आवडायचा. दोन्ही पानं वाढायला सांगते."

चाचणी निगेटिव्ह आल्याचं त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, गृहपाठ झाल्यासारखं.

*

बाई मालेहून निघाल्या आणि मुग्धाचा मेसेज आला. कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या काही दिवस आधी. शेजारच्या बाई तिला हॉस्पिटलच्या दारात सोडून गेल्या, आत त्यांना परवानगी नव्हती. आत एकाच माणसाला सोडणार होते, आणि ते माणूस मालदीव आणि तुर्कस्तानच्या मध्ये कुठेतरी हवेत होतं.

विमान इस्तंबूलला उशिरा उतरलं. पुढच्या विमानाला फार थोडा वेळ होता. बाईंचा मेसेज आला, "गेट कुठे?"

मी न पाहिलेल्या विमानतळाचा नकाशा मोबाइलवर उलटासुलटा केला आणि आयुष्यभराच्या अनुभवावरून लिहिलं, "सरळ जा."

उत्तर आलं, "सरळ भिंत आहे."

त्यानंतर काहीच आलं नाही. मेसेज जात होते, वाचले जात नव्हते. विमान इस्तंबूलहून सुटल्याचं स्क्रीनवर दिसत होतं, पण बाई त्यात होत्या की भिंतीसमोर, हे कळायला मार्ग नव्हता. नीलाताई म्हणाल्या, "त्यांनी कुणाला तरी विचारलं असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला तरी."

*

सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर ऑफिस उघडलं, तर नीलाताई आधीच पायरीवर बसलेल्या. थोड्या वेळाने सलीमभाई आले. इकडून चाललो होतो, म्हणाले. येरवड्याहून नारायण पेठेत सहज चालल्यासारखं कुणी येत नाही.

विमान टोरांटोला उतरून बराच वेळ झाला होता. मुग्धाचा फोन बंद होता. बाईंचा लागत नव्हता. जहाजावरून जावयाचा एक मेसेज आला होता, "काही कळलं का?" त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचेना. बाईंना रिंगांचा नियम पाठ होता. विमानतळ म्हणजे मुक्काम नव्हे. मुग्धापाशी पोचल्याशिवाय त्या फोन करणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि मुळात बाई त्या विमानात आहेत का हे माहीत नव्हतं. समोर चहा गार होत होता. मी लँडलाइनचा रिसीव्हर दोनदा उचलून फोन चालू आहे ना ते पाहिलं, तेव्हा नीलाताई म्हणाल्या, "सारखा उचलाल तर तो वाजणार कधी?"

आणि तो वाजला.

माझा हात पुढे गेला. नीलाताईंनी तो धरला. दुसरी रिंग. आम्ही तिघेही त्या काळ्या डबड्याकडे बघत होतो. तिसरी वाजली नाही.

"पोचल्या," नीलाताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. सलीमभाई वर बघून काहीतरी पुटपुटले. मी जावयाला लिहिलं, "बाई मुग्धाजवळ आहेत." मग सलीमभाई खाली जाऊन नवा चहा सांगून आले, चहा आला, आम्ही तो प्यायलो, आणि सरळ भिंत असताना बाई नेमक्या कुठून गेल्या असतील ह्यावर आमचा वाद सुरू झाला.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. एक रिंग. दोन रिंगा. बंद.

"आता हे कोण?" सलीमभाईंनी विचारलं.

नीलाताईंनी सवयीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. त्या दिवशी साऱ्या जगात आमचा दुसरा एकही प्रवासी नव्हता, निदान तिकीट काढलेला तरी.