भुरू आणि सासूचा इस्तो

"कुत्रं लोळलेल्या चुलीवर मंडईच्या पाहुण्यायचा भात रांधशील तू? अन् देवाचा निवदही त्याच्यावरच?" जिजाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

शेवंताबाई सपरीत, घरापुढच्या पडवीत, फतकल मारून बसली होती. मांडीवर पिल्लू आणि हाताशी वाटी. वाटीतलं जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी फेटून फेटून दुधासारखी पांढरी झाली होती. ती बोटानं तो लेप पिल्लाच्या पोटाला लावत होती. पोटावरचे केस जळून गेले होते आणि खालची कातडी लाल, ओलसर दिसत होती. बोट लागलं की पिल्लू अंग चोरायचं, पण ओरडायचं नाही. ओरडून ओरडून ते पहाटेच थकलं होतं.

भैयालाल अंगणात गोरसीपाशी घोंगडी पांघरून बसला होता. एकीकडे थोरली बहीण, दुसरीकडे बायको. मातीच्या त्या शेगडीतल्या निखाऱ्यांकडे तो असा पाहत होता, जणू त्याला कोणी ते मोजायला बसवलं आहे. वैनगंगेकडून गार वारा येत होता आणि धुकं अजून कुंपणावरून उठलं नव्हतं.

"मी काय जाणून जाळलं का त्याले?" जिजाबाईचा आवाज जरा खाली आला. "पहाटे उठून चुलीत हात घातला, तं राख कोमट. इस्तो नाई. म्हटलं, मायचा इस्तो मेला या घरात. म्हणून गोरसीतला इंगळ आणून राखेत पुरला. अंधारात हे कोपऱ्यात पडलेलं मले काय दिसते? तू मले सांगतलं का, का कुत्र्यासाठी चूल रिकामी केली म्हणून?"

"सांगतलं असतं तं करू देलं असतं का तुमी?" शेवंताबाई म्हणाली.

जिजाबाई पुन्हा मंडईच्या जत्रेच्या निवदावर आली.

इस्तो म्हणजे विस्तव. पण या घरात तो शब्द नुसत्या विस्तवासाठी नव्हता. रामपायलीहून शेवंता लग्न होऊन आली तेव्हा नीट लुगडंही नेसता येत नव्हतं तिला. सासूनं पहिल्या रात्री चुलीपाशी नेलं, एक मोठा इंगळ निवडून राखेत कसा पुरायचा, वर गोवरीचा चुरा किती घालायचा आणि राख कशी थापायची ते दाखवलं. सकाळी राख उकरली की इंगळ लाल डोळा उघडायचा. सासू म्हणाली होती की ही चूल तिच्याही सासूच्या वेळेपासून विझलेली नाही. ती खरोखर विझली नव्हती की मधे कधी कुणी गुपचूप शेजारून निखारा आणला होता, हे देवालाच ठाऊक. पण शेवंतानं ते खरं मानलं. मोहल्ल्यातल्या बायका पहाटे नाही तर दिवेलागणीला गोवरीचा तुकडा घेऊन तिच्या दारात यायच्या. कुणाकडे विस्तव नसला तरी शेवंताबाईकडे असणारच, असं होतं.

ते काही फुकट मिळालेलं नव्हतं. रात्री दोनदा तरी उठून ती राखेवर हात ठेवून पाहायची. झोपेतही तिचा हात चुलीकडे असायचा, असं भैयालाल चेष्टेनं म्हणायचा. इतक्या वर्षांत ती दुसऱ्याच्या घरी एक रात्रसुद्धा राहिली नाही. रामपायलीची मंडई दर वर्षी दिवाळीनंतर भरे. भाऊ गाडी जुंपून घ्यायला येई. दिवसभर मंडई फिरायची, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ उभा राहायच्या आधीच गाडीत बसायचं. तिची माय आजारी पडली तेव्हाही ती दिवसभर तिच्या उशाशी बसली आणि दिवेलागणीला निघाली. माय म्हणाली, आजची रात्र राह्य. शेवंता म्हणाली, चूल हाय ना माय. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. त्याबद्दल शेवंताबाई कधी कुणाशी बोलली नाही. चूल मात्र आणखी जपू लागली.

दिवाळीच्या आधी भैयालालनं बैहरहून हे पिल्लू आणलं. तो जंगलातल्या लाकडाच्या डेपोवर चौकीदार होता, सुटीला बसनं घरी यायचा. डेपोवरच्या कुत्रीला बिबट्यानं उचललं. चार पिल्लांपैकी तीन थंडीनं गेली. चौथं त्यानं सदऱ्याच्या आत घालून आणलं. आईचं दूध सुटलेलं नव्हतं, डोळे मात्र उघडलेले. सुनेनं, ललितानं, त्याचं नाव भुरू ठेवलं, कारण रंग ओल्या मातीसारखा होता. ललिता हिंदी शाळेत शिकलेली. ती पिल्लाशी हिंदीत बोलायची, आणि शेवंताबाई त्याच्याशी बोलायचीच नाही. होळीपर्यंत सांभाळ, मोठा झाला की नेतो, असं भैयालाल म्हणाला होता. होळीपर्यंत म्हणजे थंडी जाईपर्यंत. तेवढं करायला काय जातं, असं तिला वाटलं.

पण ते तेवढं नव्हतं. आधी त्याला गोठ्यात भाताच्या तणसावर ठेवलं. बैलानं कूस बदलली आणि पिल्लाची शेपटी त्याच्या खुराखाली आली. मग टोपलीत लेकाचं, प्रेमलालचं, जुनं स्वेटर घालून ठेवलं. प्रेमलाल खाणीतून रात्रपाळी करून आला, तो पहाटेच्या अंधारात टोपलीवरच पडला. दिवाळीला फटाके सुरू झाले तसं पिल्लू तणसाच्या ढिगात घुसलं ते घुसलंच. शेवंताबाईनं अर्धा ढीग हातानं उपसला आणि त्याला बाहेर काढलं, तेव्हा ते थरथरत होतं आणि तिच्या बोटाला चोखत होतं. पाहुणे येऊ लागले तसं फाटक सतत उघडं. येणारा प्रत्येक जण कौतुकानं करंजीचा तुकडा टाके, कोणी कोंबडीचं हाड. एकदा हाड घशात अडकलं, ते तिनंच बोट घालून काढलं. शेवटी तिनं जुन्या लुगड्याची चिंधी पट्ट्यासारखी त्याच्या गळ्यात बांधली, दुसरं टोक मागच्या अंगणातल्या खुंटीला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावलं की त्याला दूध-भाकरीशिवाय काही द्यायचं नाही. दिवसाचं काम त्यानं भागलं.

रात्री मात्र भुरू सगळ्यांना चुकवून चुलीत शिरायचा. ऊबदार राखेत अंगाची गुंडाळी करून असा पडायचा, की नाकाचं टोक तेवढं काळं दिसे. सकाळी बाहेर आला की भस्म फासलेल्या गोसाव्यासारखा दिसे. आईच्या पोटाची ऊब त्याला तिथेच सापडली होती. पण त्याच राखेखाली इस्तो पुरलेला असायचा. पहिल्यांदा पाय भाजला, तेव्हा शेवंताबाईनं पाट लावून चुलीचं तोंड बंद केलं. पिल्लू रात्रभर पाटावर नखं घासत राहिलं. आता तिला उठून दोन ठिकाणी हात लावून पाहावा लागे, राखेवर आणि पिल्लावर. मग तिनं युक्ती काढली. इस्तो गोरसीत हलवायचा, राख चुलीत राहू द्यायची. राख सकाळपर्यंत कोमट राही, पिल्लू शांत झोपे. गोरसीतला इस्तो मात्र उघड्यावर लवकर मरे, म्हणून तिला आणखी वेळा उठावं लागे. ती उठत होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

गावच्या मंडईसाठी जिजाबाई आली. दर वर्षी येई. आली की पाय धुवायच्या आधी चुलीपाशी जाई, दोन्ही हात शेकून घेई आणि म्हणे, "आता मायच्या घरी आलो." तिच्या आईची दुसरी कोणतीच वस्तू आता घरात उरली नव्हती. भांडी मोडीत गेली होती, पेटी वाळवीनं खाल्ली होती. हे शेवंताबाईला माहीत होतं. म्हणूनच आज तिचा राग नीट पेटत नव्हता. नणंदेनं इंगळ पुरला तो कुत्र्याला जाळायला नव्हे, आईला जगवायला. आणि कुत्रं होरपळलं.

"आत्याजी," ललिता भांडी घासता घासता म्हणाली, "भुरू रोज राखेनंच आंग घासते. आपली भांडीबी राखेनंच घासतो आपण. मंग त्यालेच काहून बोलता?"

"तू चूप बस," जिजाबाई म्हणाली, पण तिच्याही तोंडाचा कोपरा हलला. मग ती भावाकडे वळली. "भैया, तू उद्या सकायच्या गाडीनं चाललास ना? याले घेऊन जाय संगं. मी मायच्या चुलीत कुत्रं पाहू शकत नाई. एक तं इस्तो राहीन, नाई तं हे."

भैयालालनं घोंगडी सावरली. ठीक आहे, नेतो गोणीत घालून, म्हणाला. शेवंताबाईनं विचारलं, तिथं रात्री कुठं ठेवाल. तो म्हणाला, झोपडीत जागा होते का पाहतो. तिनं विचारलं, बिबट अजून येतो का. तो गोरसीत काडी खुपसू लागला. मग हळूच म्हणाला, "मी निघायच्या आदल्या रातीही आलता."

त्या दिवशी शेवंताबाईचा पाय एका जागी ठरेना. तांदूळ निवडायला बसली तर अर्ध्या सुपात उठली. मंडईच्या पाहुण्यांसाठी चकल्या पाडायच्या होत्या, तिनं पीठ भिजवलं आणि झाकून ठेवलं. विहिरीवर गेली तर घागर भरून तशीच काठावर विसरून आली, ललितानं ती आणली. भुरूला तिनं सपरीत गोणपाटावर ठेवलं होतं. तो लेप चाटू नये म्हणून पोटाला चिंधी गुंडाळली होती. दर थोड्या वेळानं ती जाऊन पाहायची. तो शेपटी एकदाच हलवायचा, जास्त हलवली की पोट ओढलं जात असावं. ती उठून जाऊ लागली की तो रांगत तिच्यामागे यायचा, म्हणून ती पुन्हा बसायची. बसलं की चुलीची आठवण यायची आणि उठायची.

दुपारी जिजाबाई तिच्याशेजारी येऊन बसली. तिनं भुरूच्या पाठीवर एकदा हात ठेवला, राख झटकल्यासारखा झटकला आणि उठून गेली. ते शेवंताबाईनं पाहिलं. त्यानं तिला ठरवणं सोपं झालं नाही, उलट अवघडच झालं.

दिवेलागणीला शेजारची अनुसया गोवरीचा तुकडा घेऊन आली. शेवंताबाईनं एका हातानं पिल्लू सांभाळत दुसऱ्या हातानं चिमट्यात इंगळ धरला आणि तिच्या तुकड्यावर ठेवला. अनुसया फुंकता फुंकता हसली. म्हणाली, "मावशी, खरं सांगू का? माचीस तं आमच्या घरी कधीचीच हाय. दुकानात कुठीबी भेटते आता. मी इस्तोसाठी नाई येत. इस्तो नेतो म्हटलं का सासू येऊ देते. अन् दोन गोष्टी होऊन जातात."

"किती वर्षापासून?" शेवंताबाईनं विचारलं.

"प्रेमलालच्या लग्नाच्या आधीपासून. सगळ्या तशाच येतात. तुमाले माईत नव्हतं का?"

अनुसया गेली. शेवंताबाई दारात उभी राहिली. मोहल्ल्यात ठिकठिकाणी चुली पेटत होत्या, धूर खाली खाली पसरत होता. एकेका घरात एकेक काडी ओढली जात असणार, आणि तिला मात्र वाटत आलं होतं की सगळ्यांची भाकरी तिच्या राखेतून निघते. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मायच्या उशाशी बसलेली ती संध्याकाळ तेवढी आठवली, आणि पायात पुन्हा तीच तडफड सुरू झाली, उठून कुठं तरी जायची.

जेवणं झाली. भैयालालनं गोणी झटकून दारापाशी ठेवली, सकाळी गडबड नको म्हणून. भुरूनं तिचा वास घेतला आणि शेवंताबाईच्या पायांमागं गेला. ललिता भांडी आवरत होती. जिजाबाई चुलीपुढं हात शेकत बसली होती, रोजच्यासारखी.

शेवंताबाई घमेलं घेऊन आली. "जरा सरका, बाई," म्हणाली. जिजाबाई सरकली. तिला वाटलं, इंगळ निवडून पुरायचा असेल. शेवंताबाईनं चिमट्यानं एकेक इंगळ उचलला आणि घमेल्यात टाकला. लहान, मोठे, सगळे. राख काडीनं उकरून पाहिली, एक राहिला होता, तोही काढला. राखेवर हात ठेवला. राख ऊबदार होती. मग घमेलं अंगणात नेलं आणि त्यावर लोटाभर पाणी ओतलं. पांढरी वाफ उठली, फस्स आवाज झाला. जिजाबाई दारात येऊन उभी राहिली होती, तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला. भैयालाल घोंगडीतून उठला तो उभाच राहिला.

शेवंताबाई आत आली. भुरूला उचलून राखेत ठेवलं, त्याची चिंधी नीट केली. हात लुगड्याला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"आजपासून या घरात राती इस्तो ठेवायचा नाई. गोरसीतही नाई. माचीस कोनाड्यात हाय, सकायी जो आधी उठन तो पेटवन. पिल्लू बैहरले जात नाई. अन् रामपायलीच्या मंडईले मी या साली दोन राती राहून येईन."